आंबिलीपुरती जागा

अर्थशास्त्राच्या पुस्तकातला ग्राहक मला कधीच आवडला नाही. त्याला सफरचंदं आणि संत्री यांपलीकडं काही सुचत नाही, त्याला नातेवाईक नाहीत, आणि हाताशी आहे तेवढं सगळं खर्चून तो समाधानी होतो. उमरग्यात मी जिथं शिकवते तिथं बी.ए.च्या पहिल्या वर्षाला दरसाल या गृहस्थाची ओळख करून देणं माझ्याकडं असतं. फळ्यावर दोन अक्ष काढायचे, मधून एक तिरकी रेघ ओढायची आणि सांगायचं, की रेघेच्या आतलं परवडतं, बाहेरचं परवडत नाही. पुस्तकात तिला अंदाजपत्रक रेषा म्हणतात, मुलं बजेट लाइनच म्हणतात. परीक्षेत बहुतेकांची रेघ बरोबर येते आणि अक्षांवर नावं घालायची राहून जातात.

मलाही ती रेघ खरी कळली ती अण्णांचं डायलिसिस सुरू झाल्यावर. अण्णा म्हणजे माझे वडील. लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांची प्राथमिक शाळेची सगळी नोकरी झाली. आई गेल्यावर ते माझ्याकडं उमरग्याला आले, आणि काही वर्षांनी त्यांच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं. डॉक्टर तरुण आणि थोडक्यात बोलणारे होते. त्यांनी एक लिटरची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दिवसाला एवढंच. पाणी, चहा, ताक, आमटी, गोळी गिळायचा घोट, सगळं यातच धरायचं."

दुसरा कुणी असता तर खचला असता. अण्णांना मात्र गणित मिळाल्याचा आनंद झाला. घरी येताच त्यांनी बाटलीवर पट्टी लावून पेनानं खुणा केल्या. रोज सकाळी ती काठोकाठ भरायची. तिच्यातलं पाणी प्यायचं ते प्यायचं, पण कपभर चहा घेतला तर तेवढंच पाणी बाटलीतून मोजून तुळशीला घालायचं. आमटी वाढली तर वाटीभर तुळशीला. म्हणजे बाटलीकडं पाहिलं की दिवसाचं किती उरलंय ते कुणालाही दिसे. आमच्या दारातली तुळस त्या वर्षी अशी तरारली, की शेजारणी रोपं मागायला येऊ लागल्या.

मी त्यांच्याकडं बघत राहायची. काळजीनं बघायची हे खरंच, पण धंद्याची सवयही होतीच. आमटी त्यांनी पहिल्या आठवड्यातच सोडली, कारण आमटीच्या वाटीत दोन वेळचा चहा बसत होता. सगळ्या गोळ्या ते एकाच घोटात गिळायला शिकले. पूर्ण कप एकदा घेण्याऐवजी अर्धा कप दोनदा घेतला तर सुख जास्त मिळतं, हाही शोध त्यांनी लावला. "पहिले चार घोट खरे. पुढचा चहा नुसता सवयीचा," असं ते मला समजावून सांगत. घटत्या सीमांत उपयोगितेवर मी दोन तास घेते. त्यांनी ती एका अर्ध्या कपात उरकली.

आमचं भांडण झालं ते शिलकीवरून. रात्री बाटलीत थोडं पाणी उरलं, तर सकाळी ते उद्याच्या खात्यात जमा धरायचं असं अण्णांचं म्हणणं. इथं प्रत्येक उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेल्या माणसाला उरलेलं पाणी उद्याचं नसतं हे कसं पटावं? हंड्यात राहिलेलं पाणी कुणी शिळं म्हणून ओतून देत नाही. मी म्हणायची, "अण्णा, हा कोटा रोजचा आहे. आजचा आज संपला." ते म्हणायचे, "डायलिसिसला माझं वजन करतात ना? मागच्या वेळेपासून किती वाढलं ते बघतात ना? मग हिशेब दोन डायलिसिसच्या मधला झाला. रोजचा कुठं आला?" शेवटी भांडण डॉक्टरांपुढं गेलं. डॉक्टर नाइलाजानं म्हणाले, की थोडंफार इकडचं तिकडं चालेल, पण तहान ही काही साठवून ठेवायची वस्तू नव्हे. अण्णांना यातलं फक्त पहिलं अर्धं वाक्य ऐकू आलं.

आणि त्यांना साठवायचं होतं ते येळवशीसाठी.

मार्गशीर्षातली अमावस्या आमच्याकडं येळवस. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. ज्वारीच्या पिकात कडब्याची खोप उभारतात, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात, आणि दिवसभर तिथंच जेवणं चालतात. डाळी आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि आदल्या दिवशी ज्वारीच्या पिठात ताक, जिरं, लसूण घालून आंबवलेली पांढरी पातळ आंबील. मडक्यातली गार आंबील प्याल्याशिवाय येळवस झाली असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले बोलावून नेतात. आम्हाला शेत कधीच नव्हतं.

अण्णा त्या खेड्यात नवे होते तेव्हाची गोष्ट ते फार सांगत. येळवशीला सकाळी उठून बघतात तर सगळ्या घरांना कुलपं. शाळेच्या ओट्यावर ते एकटेच बसले होते. तेवढ्यात त्यांच्याच वयाचा एक शेतकरी विसरलेलं काहीतरी न्यायला गावात आला आणि ओरडला, "गुरुजी, गावात कुत्रं बी न्हाय, तुमी इथं काय करायलाव?" त्यानं अण्णांना सायकलवर मागं बसवून वावरात नेलं आणि हातात आंबिलीचा वाडगा दिला. उपाशी पोटी, उन्हात, अनोळखी माणसांत प्यालेली ती आंबील अण्णा विसरले नाहीत. तेव्हापासून येळवस त्याच वावरात. त्या शेतकऱ्याला मी लहानपणापासून काका म्हणते. घरात ते कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि बैलांशी दोन्ही.

डायलिसिस सुरू झाल्यावरची ही पहिली येळवस होती. मला वाटलं होतं, अण्णा या वर्षी येणार नाही म्हणतील. त्यांनी उलट महिनाभर आधीच डॉक्टरांना विचारून टाकलं. मी समोरच होते. पालेभाज्या आणि डाळी त्यांना जवळजवळ बंद होत्या. भज्जी चमचाभर, तीही उकळून पाणी काढून टाकलेली, असं ठरलं. "आणि आंबील?" अण्णांनी विचारलं. आंबील म्हणजे काय ते मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "एक वाटी घ्या. बाटलीतून वजा करा." अण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी खालच्या कोर्टात हरलेल्या माणसाची वरच्या कोर्टात जिंकल्यावर असते.

पण वाटी त्यांना पुरणार नव्हती. त्यांना वाडगा हवा होता, पहिल्या वर्षीसारखा भरलेला, आणि तोही चोरून नाही, हिशेबात बसवून. म्हणून शिल्लक टाकायची. ते मला म्हणाले, "नियम मोडायचा नाही. पण नियमात बसून पोटभर प्यायची." मी पुष्कळ ओरडून पाहिलं. नंतर गप्प बसले, कारण त्यांना एखाद्या गोष्टीची इतकी ओढ लागलेली मी बऱ्याच महिन्यांत पाहिली नव्हती. डायलिसिसच्या खुर्चीवरून उठताना माणूस रिकामा दिसतो. हे निदान कशासाठी तरी तहानलेले होते.

मधल्या काळात काका बोलावणं करायला उमरग्याला येऊन गेले. मी दोघांना चहा ठेवला. अण्णांची त्या दिवसाची बाटली संपलेली होती. त्यांनी कप हातानं बाजूला सारला.

"चा बी न्हाय?" काकांनी विचारलं.

"थेंब नाही," अण्णा ऐटीत म्हणाले. आपला निग्रह कुणाला तरी दाखवायला मिळाल्याचा त्यांना आनंद झाला होता.

काका थोडा वेळ आपल्या कपाकडं बघत बसले. मग तोही त्यांनी बाजूला सारला. मी आग्रह केला, पण ते म्हणाले, आत्ताच हॉटेलात घेतला. मी दोन्ही कप आत नेले. पुढं येळवशीला यायचं ठरलं, गाडी पाठवतो म्हणाले, आणि निघून गेले. आंबिलीची गोष्ट निघाली नाही, निघायचं कारणही नव्हतं. येळवशीला आंबील असते का असं कुणी विचारत नाही.

डायलिसिस आदल्या दिवशी सकाळी झालं. तिथून अण्णांची शिल्लक सुरू झाली. दुपारचा चहा नाही, संध्याकाळचा नाही. रात्री गोळ्यांपुरता घोट. ओठ ओल्या फडक्यानं टिपायचे, तोंडात लवंग धरायची. येळवशीच्या सकाळी त्यांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या आणि मजेत गाणं गुणगुणत ते दाढी करत होते. कालची बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली टेबलावर उभी होती आणि शेजारी आजची, काठोकाठ. दोन बाटल्यांकडं बोट दाखवून ते मला म्हणाले, "बघ. तुझ्या वर्गातल्या पोरांना दाखव. बचत म्हणजे काय ते."

मी म्हटलं, "अण्णा, वर्गातल्या पोरांना तहान लागत नाही."

"म्हणून तर त्यांना कळत नाही."

त्या दिवशी शेअर जीप मिळत नाही, कारण जीपवालेही आपापल्या वावरात असतात. काकांच्या मुलानं गाडी आणली. रस्ता मोकळा होता, दोन्हीकडं कमरेपर्यंत आलेली ज्वारी, आणि प्रत्येक शेतात एक खोप, माणसं, धूर. अण्णा खिडकीशी बसून कुणाची खोप मोठी झालीय ते सांगत होते. घसा कोरडा असल्यानं त्यांचा आवाज चिरका येत होता.

वावरात पोचेपर्यंत पूजा उरकली होती. काकांनी अण्णांचा हात धरून त्यांना खोपीजवळ जाजमावर बसवलं, पाठीला टेकायला पोतं ठेवलं. काकूंनी ताट आणलं. अण्णांची भज्जी काकूंनी वेगळ्या भांड्यात, मी फोनवर सांगितल्याप्रमाणं, दोनदा पाणी काढून शिजवली होती. चव काय राहिली असेल ते कल्पनेनंच समजावं. उंडा, भाकरी, खिरीचं बोटभर. अण्णा जेवू लागले. कोरड्या तोंडात भाकरी फिरत नव्हती. ते हळूहळू चावत होते आणि त्यांची नजर खोपीच्या कोपऱ्याकडं जात होती, जिथं दरवर्षी आंबिलीचं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. कोपऱ्यात यंदा चपलांचा ढीग होता.

मला वाटलं, मडकं दुसरीकडं सावलीत ठेवलं असेल. अण्णांनाही तसंच वाटलं असावं. ते थांबले. शेवटी काकाच त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि घरातल्या मोठ्या माणसाला एखादी चांगली बातमी सांगावी तसं म्हणाले, "गुरुजी, औंदा आंबील केली न्हाय."

अण्णांचा घास तोंडात राहिला.

"म्या घरात सांगून टाकलं. गुरुजीला चा बी चालत न्हाय, थेंब चालत न्हाय, म्या डोळ्यांनी बगून आलोय. त्येंच्या म्होरं आपुन वाडगं तोंडाला कसं लावायचं? लेकरं कुरकुर करायलीती. म्या म्हनलं, एक साल आंबील न्हाय पिली तर कुनी मरत न्हाय."

"आणि पूजेला?" अण्णांनी विचारलं.

"तांब्याभर केलती. पिकावर शिंपडली, संपली."

अण्णांनी ज्वारीकडं पाहिलं. "बरं केलंत," ते म्हणाले. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं, "फार बरं केलंत."

शेजारच्या बांधापलीकडं दुसरी खोप होती आणि तिथं मडकी भरून आंबील होती. काकांचा मुलगा मघाशी तिकडं चक्कर मारून आला होता आणि त्याच्या मिशीला पांढरं लागलं होतं. काकूंनी त्याला डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा त्यानं गडबडीनं ते पुसलं. अण्णांनी नुसतं म्हटलं असतं तरी शेजाऱ्यांनी घागर उचलून आणली असती. पण काकांच्या वावरात बसून दुसऱ्याची आंबील मागणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. माल बाजारात भरपूर होता, अण्णांची ऐपत दीड दिवस कोरडं राहून त्यांनी स्वतः कमावलेली होती, आणि तरी तो त्यांना घेता येत नव्हता. माझ्या फळ्यावरच्या रेघेत ही जागा कुठंच नाही. पुस्तक धरून चालतं, की माणूस स्वतःच्या समाधानासाठी निवडतो आणि शेजारी कोण बसलंय याचा त्याच्या निवडीशी संबंध नसतो. मी हे वाक्य अजूनही शिकवते, परीक्षेला येतं म्हणून.

खरं तर मला राग आला होता. काकांचा नाही, त्यांच्यावर कोण रागावणार? त्या सगळ्या शहाण्या प्रेमाचा राग आला, ज्यात एकमेकांना साधं विचारायचं नसतं. मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी वाटीभर घ्या म्हटलंय, एवढं एकच वाक्य होतं. अण्णांनी माझ्याकडं न बघता डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. शाळेत पोरं गलका करू लागली की टेबलावर ठेवायचे तसा. 

जेवण झालं. अण्णांना ठसका लागला. काकू धावत आल्या आणि पाण्याचा तांब्या धरून तशाच थबकल्या, द्यावा की न द्यावा. अण्णांनी हात पुढं केला.

"द्या. तुमच्या विहिरीचं पाणी आहे, एवढं चालतं."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि प्याले. थांबले, श्वास घेतला, पुन्हा प्याले. त्यांचा कंठ वरखाली होत होता आणि पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळत होतं. इतके महिने मी त्यांना घोट मोजताना पाहिलं होतं. असं पिताना पाहून मला भीतीही वाटली आणि खूप बरंही वाटलं. तांब्या खाली आला तेव्हा त्यात तळाशी थोडं उरलं होतं.

काका हे सगळं बघत होते. कपाळाला आठी घालून ते काहीतरी जुळवत होते. मग सावकाश म्हणाले, "गुरुजी, एवढं पानी चालतंय तुमाला?"

"कधीमधी. शिल्लक असली तर."

"मग..." काका थांबले. त्यांचा चेहरा उतरायला लागला. "मग वाडगाभर आंबील बी चालली असती की."

काकूंचा ताटं गोळा करणारा हात थांबला. मुलगा गाडीपाशी होता, तो तिथूनच वळून बघू लागला.

"छे," अण्णा लगेच म्हणाले. "पाण्याचं वेगळं, आंबिलीचं वेगळं. आंबिलीत ताक असतं, ते मला विष आहे. डॉक्टरनं साफ सांगितलंय, येळवस असो नाहीतर काही असो, आंबिलीला हात लावायचा नाही." मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला विचारा. ही होती समोर."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. एखादी वस्तू निवडली की दुसरी कुठली सोडली ते बघा, तीच तिची खरी किंमत, असं मी वर्गात सांगते. इथं कोण काय सोडत होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. हे एका वाडग्यावर थांबणार नव्हतं. अण्णांचा मला भयंकर राग आला आणि त्यांच्याइतकं मला त्या वेळी जगात कुणीच आवडत नव्हतं.

"हो काका," मी म्हटलं. "आंबील नाहीच चालत."

काकांनी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. "मग आमी केलं ते बरंच केलं म्हना की. म्या उगंच घाबरलो." त्यांनी अण्णांच्या मांडीवर थाप मारली. "आता ठरलं बगा, गुरुजी. तुमी हाव तवर ह्या वावरात आंबील व्हनार न्हाय."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.